चिठ्ठी

मुलुंड पूर्वेला शाळेच्या पटांगणात
जानेवारीतली व्याख्यानमाला, पुष्प तिसरे.
वक्ते मोरेश्वर ओगले.
विषय : घर टिकलं तर देश टिकेल.
बाबा साडेपाचलाच तयार,
कानटोपी, मफलर, चष्म्याचं घर,
आणि खिशात आल्याच्या दोन वड्या, एक माझी.

मी सोबत आले ती पायऱ्यांसाठी.
त्यांचा गुडघा आणि माझी मतं,
आठ वर्षं दोन्ही आम्ही न दुखवता नेतो आहोत.

दीपप्रज्वलनात वाऱ्याने तीन काड्या खाल्ल्या.
शाल झाली, श्रीफळ झालं, परिचय करून देणाऱ्या बाई
'मूलगामी'वर दोनदा अडखळल्या.
मग ओगले उठले, माइक स्वतःच वीतभर खाली घेतला
आणि कागदाशिवाय एक तास दहा मिनिटं बोलले.

खोटं कशाला सांगू, बोलतात सुरेख.
वाक्य असं सोडतात की क्रियापद
शेवटच्या रांगेत जाऊन बसतं.
उंबरठ्यावर बोलले, कुळाचारावर बोलले,
एका ताटात जेवणाऱ्या भावंडांवर आले तेव्हा
माझ्याही घशात काहीतरी दाटलं
आणि त्याचाच मला राग आला.
मग म्हणाले,
"इमारती वाढताहेत, घरं कमी होताहेत.
एकट्या माणसाचं असतं ते बिऱ्हाड. घर नव्हे."
टाळ्या. माझ्या शेजारीही दोन तळहात,
तिसऱ्या टाळीला थांबलेले.

माझं बिऱ्हाड भांडुपला आहे.
खोली, ओटा, गॅलरीत एक ओव्याचं रोप,
दारावर आडनाव, लग्नाआधीचं.

प्रश्नांसाठी कागद फिरले.
बाबांचा हात कापतो, म्हणून लिहायचं मी.
कानाशी येऊन म्हणाले, "लिही,
हे सगळं पाठ्यपुस्तकांत का नाही?"
मी लिहिलं :
मुलगी एकटी राहते. रविवारी मी तिच्याकडे जेवतो.
जेवताना मी कुठे असतो, बिऱ्हाडात की घरी?
खाली त्यांचं नाव. दिगंबर गोठोस्कर, निवृत्त, पोर्ट ट्रस्ट.
घडी घातली. एका पोराने
बिस्किटांचा डबा पुढे केला, त्यात टाकली.
वाटलं, एवढ्या ढिगात कोण वाचतंय.

चौथीच निघाली.

नाव कर्ण्यातून मैदानभर गेलं,
पलीकडच्या सोसायटीच्या भिंतीवरून परत आलं.
बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून
गुडघ्याला वेळ देत उभे राहिले.
ओगल्यांनी भुवयांवर हात धरून अंधारात शोधलं,
"प्रश्न आपलाच ना?"
"अक्षर मुलीचं," बाबा म्हणाले. "प्रश्न माझा."

ओगले एवढंसं थांबले. माणूस वाईट नाही.
म्हणाले, "काका, अपवाद असतात.
अपवादाने नियम मोडत नाही."
तुरळक टाळ्या.
पुढची चिठ्ठी मराठी शाळांवर होती,
ती त्यांना बरीच सोपी गेली.

रिक्षा मिळेपर्यंत बाबा गप्प.
बसल्यावर वडी काढली, कागद सुटेना,
मी सोडवून दिली. तोंडात तशीच ठेवून म्हणाले,
"बत्तीस वर्षं गोदीत काट्यावर होतो.
काट्याला अपवाद कळत नाही.
जे ठेवाल त्याचं वजन येतं."

"रागावलात?"

"माझा प्रश्न राहिला," म्हणाले. "पाठ्यपुस्तकांचा."

सिग्नलला रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं.
त्या शांततेत मफलर नीट करत ते म्हणाले,
"बोलतो मात्र छान.
उद्याचं पुष्पही त्याचंच आहे, सात वाजता.
ये तू.
चिठ्ठी मी लिहीन."